सीलबंद खोलीतली सतरंजी

नागझरवाडी, पो. शिरड शहापूर
१२ मार्च २०२५

चि. करुणा हिस बाबाचा भरभरून जय भीम. वि. वि.

परवा तुझ्या आईनं मोबाईल माझ्या कानाला लावला. तू बोललीस खरं, पण मला नुसती भुणभुण ऐकू आली. वसमत आगाराची एसटी चालवून चालवून कान तिथंच राहिले बघ, पेन्शन तेवढी घरी आली. म्हणून हे पत्र. पत्राची रेंज तरी मधीच जात न्हाई.

इकडं सगळे खुशाल. हळद शिजवून झाली, अंगणभर पसरली हाय, अन् मला कोंबड्या हाकलायच्या कामावर नेमलं हाय. आईचे गुडघे दुखतेत, पण महिला मंडळाच्या बैठकीला जाताना दुखत न्हाईत. प्रज्ञेशची साक्षी आता चौथीत जाईल. आत्यावर गेली म्हणतेत सगळे, म्हणजे उलट उत्तरं देते.

आता मुद्द्यावर येतो. शाळेच्या जुन्या खोल्या पाडून नव्या दोन बांधायला घेतल्या, स्लॅब टाकून झाला, फरशी अन् गिलावा तेवढा राहिला, अन् सरकारनं काम बंद पाडलं. म्हणे जिल्ह्यातल्या शाळांच्या ठेक्यांची चौकशी चालू हाय, ती संपेपर्यंत एक बिल की एक ठेका पुण्याच्या मंजुरीबिगर पुढं सरकणार न्हाई. भिंतीला कागद चिकटवून गेले. लेकरं विहारात बसून राहिली. एका अंगाला पहिली-दुसरी, दुसऱ्या अंगाला तिसरी-चौथी, अन् शिवकन्या मॅडम मधी उभं राहून दोन्हीकडं तोंड करून शिकवतेत. गावात कुणी वारलं की माणसं विहारात येतेत अन् शाळेला सुट्टी.

अन् पुण्यात ती मंजुरी देणाऱ्या कक्षात बसतंय कोण? तर आमचीच लेक, इंजिनेर. लोक मला विचारून राहिले की नरसिंग, लेक तिथं असून खोल्या अशा काहून? मी शाळा समितीचा अध्यक्ष. मी काय सांगू त्यांना, कपाळ? ठेकेदार वैजनाथ बाळापूरचा, चांगला माणूस हाय, विहाराला पंखे त्यानंच दिले. तोही हात जोडून राहिला. मी काही वशिला मागत न्हाई. आमची फाईल फक्त ढिगात वर ठेव.

राग धरू नको. माया हाय तेवढीच राहू दे.

तुझा बाबा,
नरसिंग पाईकराव

•

पुणे
२५ मार्च २०२५

ती. बाबांस करुणाचा सविनय जय भीम. वि. वि.

पत्र मिळालं. कोंबड्यांची बातमी वाचून ऑफिसात एकटीच हसले. तुमच्या कानाचं यंत्र मात्र पेटीत ठेवून शोभेला लावू नका, ते कानात घालायचं असतं.

फाईल वर ठेवणं म्हणजेच वशिला, बाबा. यादीत आपल्या वाडीचं नाव दिसलं त्याच दिवशी मी साहेबांना जाऊन सांगितलं की हे माझं गाव आहे आणि समितीचे अध्यक्ष माझे वडील आहेत. त्यांनी ती फाईल माझ्याकडून काढून दुसऱ्याकडे दिली. बरं झालं. आता ती कुठल्या कपाटात आहे तेही मला ठाऊक नाही, आणि तुम्हीही मला विचारायचं नाही.

एवढं मात्र सांगते, कारण ते पेपरातही आलंय. आतापर्यंत खोल्या कुणी डोळ्यांनी न बघता कामं पूर्ण धरली गेली, असा संशय आहे. म्हणून चौकशी चालू आहे तोवर बाहेरचं पथक जाऊन प्रत्येक खोली बघणार, यंत्रानं स्लॅब तपासणार, मगच पुढचं. याला उशीर होतो हे खरं. पण ज्या छताखाली आपली साक्षी बसणार ते कुणीतरी एकदा मान वर करून बघितलेलं बरं, नाही का?

वैजनाथचा माणूस खोल्यांत शिरू देऊ नका. काही डागडुजी करायला आला तर कोंबड्यांसारखा हाकलून द्या. पंखे दिले म्हणून लाजू नका.

आईला म्हणावं, गुडघ्यांना तेल लाव आणि बैठका कमी कर. तुमचा हात डोक्यावर असाच असू द्या.

तुमची,
करुणा

•

नागझरवाडी
१६ एप्रिल २०२५

चि. करुणा हिस जय भीम अन् एक खुशखबर. वि. वि.

जयंती अशी झाली की तू असतीस तर नाचली असतीस. अन् कुठं झाली सांग? नव्या खोलीत!

तू लिहिलंस, वैजनाथच्या माणसाला हात लावू देऊ नका. न्हाई लावू दिला. सगळं आमीच केलं. एवीतेवी पुण्याचे लोक बघायला येणारच. पाव्हणा येणार म्हणल्यावर आपण अंगण तरी झाडतो का न्हाई? मग मी गाव गोळा केलं, श्रमदान लावलं. ठेकेदाराचं काम बंद हाय, गावाचं काही बंद न्हाई, असं मी बोललो अन् सगळ्यांना पटलं. संतराम मिस्त्रीनं एक दिवसाची मजुरी सोडली. छताला खालून भेगा दिसून राहिल्या होत्या, लई वंगाळ दिसत होतं. मी स्वतः लाकडी घोड्यावर चढलो, संतराम सिमेंट कालवून द्यायचा अन् मी भरायचो. वरून चुन्याचे दोन हात. आता छत असं दिसून राहिलं की नवरीचं घर. सरकारचा एक रुपया न्हाई त्यात.

चौदा तारखेला बाबासाहेबांचा फोटो लावला, महिला मंडळाची मोठी सतरंजी टाकली अन् शाळेची सगळी लेकरं बसवली. साक्षीनं भाषण केलं. मधी विसरली तर जय भीम म्हणून वेळ मारून नेली. दुपारपर्यंत कार्यक्रम चालला. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं.

काल मात्र तालुक्याचे दोन साहेब आले. मला वाटलं शाबासकी देतील. छताकडं बघितलं, एकमेकांकडं बघितलं, अन् खोल्यांना कुलूप लावून सील ठोकलं. चहासुद्धा घेतला न्हाई. हे काहून, ते तूच सांग. सतरंजी आतच राहिली, अन् मंडळाच्या बाया तुझ्या आईच्या मागं लागल्या. लग्नसराई हाय, त्यांना ती भाड्यानं द्यायची असते.

तेवढं सतरंजीचं बघ. आमच्यावरचा जीव आटू देऊ नको.

तुझा बाबा,
नरसिंग

•

पुणे
२३ एप्रिल २०२५

ती. बाबांस जय भीम.

बाबा, काय करून बसलात!

त्या भेगा झाकायच्या नव्हत्या हो. त्याच बघायला पथक येणार होतं. भिंतीवर कागद लावला त्याचा अर्थ आहे ती वस्तू आहे तशी राहू द्यायची, ठेकेदारानं नाही आणि गावानंही नाही. मीच सगळं फोड करून लिहायला हवं होतं. ठेकेदाराला अडवा म्हणाले, आणि माझा बाप शिडी लावून चढेल हे ध्यानातच आलं नाही. मला ते यायला हवं होतं, तुम्हाला ओळखते ना मी!

आता नीट ऐका. वैजनाथनं वर अर्ज केलाय की गावानं परस्पर काम केलं, तेव्हा स्लॅबचं काही बरंवाईट निघालं तर त्याला गाव जबाबदार. ऑफिसात सगळ्यांच्या तोंडी ही गोष्ट आहे, मी आले की गप्प होतात. चौकशी चालू असताना पुराव्यात ढवळाढवळ केली म्हणून समितीच्या अध्यक्षावर गुन्हा नोंदवता येतो, आणि अध्यक्ष तुम्ही आहात.

तुमचं पत्र माझ्याकडे आहे. ते मी कुणाला दाखवायला जाणार नाही आणि फाडणारही नाही. मला विचारलं तर खोटं बोलणार नाही. म्हणून विनवते, कुणी मला विचारायच्या आधी तुम्हीच सांगा. भेगा कुठून कुठं होत्या, किती रुंद होत्या, हे मला लिहू नका. पथक येईल त्यांना सांगा, जागेवर उभं राहून, चारचौघांत.

सतरंजीचं मी काही करू शकत नाही. आईची माफी मागते.

रागावलात तरी चालेल, पण विसरू नका.

करुणा

•

नागझरवाडी
२ मे २०२५

सौ. सरकार करुणाबाई यांस नरसिंग पाईकराव यांचा जय भीम.

तू माझी लेक हायस का सरकारची, तेवढं एकदा कळव. बापानं आनंदानं लिहिलेलं पत्र जपून ठेवलंस म्हणे, अन् विचारलं तर काढून देशील. शाबास! तुझ्या शिक्षणासाठी डबल ड्यूट्या केल्या त्या याचसाठी.

वैजनाथ घरी आला होता. बसला, पाणी प्यायला, आईच्या गुडघ्यांची चौकशी केली. त्याचं म्हणणं एवढंच की पथकापुढं मी सांगावं, आमी फक्त चुना मारला, दुसरं काही केलं न्हाई. चुना मारणं काही गुन्हा न्हाई. मग अर्ज तो मागं घेणार, मी सुटणार, अन् जूनमधी लेकरं खोलीत बसणार. भेगांचं नाव काढलं तर केस माझ्यावर, अन् खोल्या पाडल्या तर नव्या बांधायला कोण जाणे किती साल लागतील. पारावर बैठक झाली. सगळं गाव म्हणून राहिलं की नरसिंग, तू गप बस. संतराम तर म्हणाला त्याला काही आठवतच न्हाई.

आता मी काय करू ते सांग. न्हाई, नको सांगू. तू सांगितलंस की ते सरकारी होतं.

सारी नोकरी माझ्या गाडीत बसलेल्या माणसाला खरचटलं न्हाई. पोलीस ठाण्याची पायरी चढलो न्हाई. अन् आता या वयात हे.

लोभाचं तुझं तू बघ.

नरसिंग

•

नागझरवाडी
१० मे

लाडक्या करुणास आईचे लई लई मुके.

तुझ्या बाबाला न सांगता लिहून राहिले. माझं अक्षर कोंबडीच्या पायागत हाय, हसू नको. साक्षरता वर्गात एवढंच शिकले.

तुझे बाबा जेवत न्हाईत. रोज सांजच्याला शाळेकडं जातेत अन् खिडकीच्या गजाला धरून छताकडं बघत उभे राहतेत. मी विचारलं तर म्हणतेत सतरंजी बघायला गेलतो. बायकोला येडी समजतेत.

तुला एक सांगते. त्या दिशी मी घोड्यापाशी होते, चुना मीच कालवला. एका भेगेत माझं बोट शिरलं, पार पेराएवढं. तुझ्या बाबानं ते बघितलं. आमी दोघांनी एकमेकांकडं बघितलं अन् काहीच बोललो न्हाई, कारण समदे खुशीत होते, हलगी वाजून राहिली होती. आता ते बोलले न्हाईत तर मी बोलीन पथकापुढं, आपली साक्षी त्या छताखाली बसायची हाय. पण नवऱ्याच्या आधी बायको बोलली तर हा माणूस जगायचा न्हाई, मला म्हाईत हाय.

मंडळाच्या बाया मला बैठकीला बोलवत न्हाईत. सतरंजी गेली अन् आता तुमी खोल्याबी घालवता का, असं मंजुळाबाई तोंडावर बोलली. बोलू दे.

तू बाबाला एक पत्र लिही. कायद्याचं नको. लेकीचं लिही.

जेवण वेळेवर कर. आईला मनात ठेव.

सोजराबाई

•

पुणे
१८ मे २०२५

ती. बाबांस तुमच्या पोरीचा जय भीम.

आज सकाळी उगाच एक गोष्ट आठवली. मी सातवीत होते, वसमतच्या शाळेत. तुमच्याच गाडीनं जायचे, पहिल्या सीटवर. एके दिवशी गाडी भरलेली, आणि तुम्ही ब्रेक दाबून बघितला आणि किल्ली खिशात घालून खाली उतरलात. आगारातून माणूस आल्याशिवाय गाडी हलणार नाही म्हणालात. लोकांनी काय काय शिव्या दिल्या तुम्हाला! एकाला दवाखान्यात जायचं होतं, एकाला कोर्टात. मोठे साहेब आले, निलंबित करीन म्हणाले. मीही रडले, माझी परीक्षा होती. तुम्ही बाभळीखाली उकिडवे बसलात आणि विडी ओढत राहिलात.

तो ब्रेक खरंच खराब होता का, हे मी तुम्हाला कधी विचारलंच नाही. विचारायची गरज वाटली नाही.

एवढंच आठवलं म्हणून लिहिलं. रजा मिळाली की येते. कोंबड्यांना सांगा.

तुमची,
करुणा

•

नागझरवाडी
२७ जून २०२५

चि. करुणा हिस बाबाचा जय भीम, अन् मागच्या पत्राची माफी. वि. वि.

लई दिवस लिहिलं न्हाई. लिहिण्यासारखं झालं तवा हात चालेना.

पथक जूनच्या पहिल्या आठवड्यात आलं. सारं गाव जमलं, वैजनाथही गाडी घेऊन आला. मोठ्या बाई होत्या पुण्याच्या. त्यांनी सील काढलं, आम्हाला आत घेतलं अन् मला विचारलं की काय काय काम केलं. माझं यंत्र कानात होतं, प्रश्न बराबर ऐकू आला. वैजनाथ माझ्याकडं बघून राहिला, पारावरचे सगळे बघून राहिले. मी वेळूची काठी घेतली अन् छतावर टेकवून दाखवलं, हितून हितपर्यंत भेग होती, ही मी भरली, या हातानं, अन् ही दुसरी, हिच्यात बायकोचं बोट शिरलं होतं. तुझी आई दारात उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला. मग संतरामला आठवलं. त्यानंच छन्नी घेऊन सिमेंट उकरून दाखवलं. यंत्रानं भोक पाडून स्लॅबचा नमुना काढला तर त्याचा तुकडा बाईंच्या हातात पिठागत चुरला. वैजनाथ निघून गेला, त्याची गाडी कधी गेली ते कळलंसुद्धा न्हाई.

बाईंनी परत सील लावलं. माझा जबाब घेतला, नोटीस दिली. अध्यक्षपद गेलं. गुन्हा दाखल करायचा का न्हाई ते वर ठरणार हाय. जे होईल ते होईल. तुझ्या त्या ब्रेकचं उत्तर देतो. खराब होता, पण शंभर टक्के खात्री मला बी नव्हती. तवा मी लई भ्यालो होतो, पोरी. या खेपेला त्याहून जास्ती.

गावानं बोलणं सोडलं. सोळा तारखेला शाळा भरली ती परत विहारातच, अन् लेकराला सोडायला आलेला जो तो मला बघून तोंड फिरवायचा. नरसिंगनं हातानं खोल्या घालवल्या, असं चाललं होतं. मला ऐकू येत न्हाई हे बरंच हाय कधी कधी.

मागच्या शनवारी सकाळी मी विहाराच्या पायरीवर बसलो होतो. आत लेकरं पाढे म्हणत होती. ना वारा, ना पाऊस. मला आवाज आला न्हाई, पायाखालची जमीन हालली. वळून बघितलं तर शाळेवर धूळ उठली होती. पुढच्या खोलीचा स्लॅब आपोआप खाली आला, अख्खा. आत कुणी नव्हतं. सील होतं म्हणून कुणी नव्हतं.

मी धावलो, म्हाताऱ्याचं धावणं. लेकरं आपली विहारातच होती, मॅडमनं दार ओढून घेतलं होतं. मी साक्षीला हुडकली, तिला धरलं, अन् मग माझ्या ध्यानात आलं. जयंतीला मी ह्या सगळ्यांना त्याच खोलीत बसवलं होतं. मीच. भेगा भरून, चुना मारून, दुपारपर्यंत. लहान पुढं, मोठे मागं, अशा रांगा मी लावल्या होत्या, अन् माझी साक्षी मधी उभी राहून भाषण करत होती. करुणा, मी ती गाडी ब्रेक न बघता चालवली. काही झालं न्हाई यात माझी काहीच हुशारी न्हाई. तवापासून मला झोप न्हाई.

पंचनामा झाल्यावर परवा ढिगारा उपसला. खाली सतरंजी निघाली. इतकी दबून बसली होती की ओढून निघेना, कापून काढावी लागली. मंडळाच्या बाया बघायला आल्या होत्या, मंजुळाबाई पुढं होती. सगळ्यांचीच लेकरं त्या दिवशी त्या सतरंजीवर बसली होती. तुझी आई म्हणाली की मी भरून देते सतरंजीचं. मंजुळाबाई खाली बसली, त्या तुकड्यांवरची माती हातानं झाडत राहिली, अन् मग तुझ्या आईच्या गळ्यात पडून रडली. आज सकाळी ती आमच्याकडं चहाला आली होती.

तुझी काही पत्रं मी रागानं वाचली. ती आता परत वाचून राहिलो. अशीच भांडत जा बापाशी.

तुझा बाबा,
नरसिंग

ता. क. येताना पुण्याहून सतरंजी आण, असं आईनं सांगितलं हाय. मोठी आण. शाळेची सगळी लेकरं मावतील अशी.